नंबर लागला का? : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी, जुलै संपत आला होता तेव्हाची गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या चाकूरच्या बसस्थानकाजवळ चहाच्या टपरीवर एक गृहस्थ हातातल्या मोबाईलकडे पाहत शेजारच्या काकांना म्हणाले, "सकाळपासून लावायलोय, पोराचा नंबरच लागंना." काकांनी कप खाली ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "लागंल की वो. पहिल्या यादीत नाही लागला तर दुसऱ्या यादीत लागतोय." गृहस्थ गोंधळले. "यादी कशाची? फोनचं म्हणायलोय मी." मग दोघंही गप्प झाले. कारण पोरगा लातूरला होता, फोन खरंच लागत नव्हता, आणि घरातली सगळी माणसं प्रवेशाच्या यादीचीही वाटच पाहत होती.

त्या रात्री मी एका जुन्या वहीत ते वाक्य उतरवून ठेवलं. त्याखाली दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. पुढे कुठंही 'नंबर' हा शब्द कानावर पडला की मी तो टिपून घ्यायला लागलो. दवाखान्यात, तलाठ्याच्या कचेरीत, आडतीवर, पाण्याच्या टँकरजवळ, मयतीला. ही पुस्तिका म्हणजे त्या वहीतून निवडलेली पानं. एका गावात एक इंग्रजी शब्द किती तऱ्हांनी राबतो, एवढंच मला त्यातून दाखवायचं आहे. पण वही भरत गेली तसं मला त्या शब्दाच्या आड आणखी एक शब्द दिसायला लागला, आपला, जुना, मागे सरलेला. त्याबद्दल पुढे सांगतो. ही प्रस्तावना खरं म्हणजे त्याच्यासाठीच लिहिली आहे.

आधी नंबर कुठून आला ते पाहू. लॅटिनमधला न्यूमेरस फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला, हे शाळेतला मुलगाही शोधून काढील. मराठवाड्यात मात्र त्याची वाट थोडी वेगळी होती. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. अहमदपूर, उदगीर, निलंगा हे आपले शेजारचे तालुके तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी, कन्नड आणि तेलुगू. उर्दूनंही हा शब्द इंग्रजीतूनच उचलला होता, त्यामुळे दारात साहेब न येताही साहेबाचा शब्द इथं शिरस्तेदाराच्या तोंडून पोचला. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तो 'लंबर' होता. निंबाला लिंब आणि निंबूला लिंबू म्हणणारी आपली जीभ. तिनं नंबरला लंबर केलं यात अडाणीपण काही नाही. शब्द घरात घेताना त्याचे पाय धुवायची ती आपली रीत आहे.

घेताना आपण निवडही केली. इंग्रजीत या शब्दाचा मोठा अर्थ म्हणजे संख्या. किती माणसं आली, किती मेंढरं मेली, हे सांगायला इंग्रज हाच शब्द वापरतो. चाकुरात 'लग्नाला आलेल्या माणसांचा नंबर किती' असं कोणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. तिथं आपण 'किती जण' म्हणतो, फार तर 'आकडा किती गेला' म्हणतो. व्याकरणातल्या एकवचन-अनेकवचनालाही इंग्रजीत हाच शब्द आहे, गाण्याच्या कार्यक्रमातल्या एकेका गाण्यालाही हाच. ते अर्थ आपण दारातूनच परत पाठवले, कारण आपल्याकडे संख्या होती, आकडा होता, अंक होता, वचन होतं. जिथं जागा रिकामी होती तिथंच नंबरला बसायला पाट मिळाला. आकड्यानं दिलेली ओळख आणि रांगेतली जागा, ही ती जागा.

पण एकदा पाटावर बसल्यावर त्याला वाढलं ते मराठी क्रियापदांनी. नंबर लागतो, लावतात, येतो, घेतात, देतात, धरतात, काढतात, चुकतो, बदलतो, वाढतो, उतरतो. दवाखान्यात नंबर लावायचा, पोरीचा वर्गात पहिला नंबर यायचा, चष्म्याचा नंबर वाढायचा. एकट्या 'लागणे'नं तर कमाल केली आहे. 'पोराचा नंबर लागला' म्हणजे त्याला प्रवेश मिळाला, नाहीतर फोन जोडला गेला. आणि 'पोराला नंबर लागला' म्हणजे त्याची नजर कमी झाली, चष्मा आला. एका चा-ला मध्ये बापाच्या चेहऱ्यावरचं हसू जातं. इंग्रजीत हे अर्थ सांगायला तीन वेगळी वाक्यं लागतील आणि त्यातल्या एखाद्यात तरी नंबर हा शब्द असणारच नाही. म्हणून हा शब्द परका आहे असं मी म्हणत नाही. नाम तिकडचं, पण त्याला चालवणारी क्रियापदं आणि विभक्ती इकडची. मराठीत रुळलेल्या प्रत्ययांनी त्याला 'नंबरी' केलं, 'नंबरवार' केलं. जत्रेतल्या फडात एक नंबरची कुस्ती लागली ती अशीच.

'एक नंबर' या स्तुतीकडेही जरा लक्ष द्या. वर्तमानपत्र 'नंबर एकचा शत्रू' असं लिहितं. तो क्रम इंग्रजीचा आहे. तोंडातला क्रम आपला: आधी एक, मग नंबर, जशी पहिली पंगत. जेवण एक नंबर, पाऊस एक नंबर, माणूस एक नंबर.

दोन नंबरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. आडतीवर एक नंबर माल आणि दोन नंबर माल ही सरळ प्रतवारी असते. दाणा जरा बारीक निघाला, डाग पडला, ओल राहिली, की माल दोन नंबर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नसतं, भाव तेवढा कमी मिळतो. त्याच बाजारात 'दोन नंबरचा पैसा' म्हटलं की अर्थ फिरतो, तो पैसा वहीत न दाखवलेला. आणि शाळेत पहिलीतलं पोर दोन बोटं वर करून 'बाई, दोन नंबर' म्हणतं तेव्हा बाईंना काय समजायचं ते समजतं. तिघंही तोच शब्द वापरतात आणि कोणाचा कधी घोटाळा होत नाही. अर्थ शब्दात कमी आणि जागेत जास्त असतो, हे मला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा आडतीनं चांगलं शिकवलं.

या वहीतलं सगळ्यांत जाड प्रकरण शेतीचं आहे. ते तसंच असायला हवं.

आपल्याकडे शेताला घरात नाव असतं आणि कचेरीत नंबर. लिंबाचं शेत, वढ्याकडचं, माळावरचं, चिंचेचं, थोरल्याचं. ही नावं कुठं लिहिलेली नसतात, पण कोणी चुकत नाही. तलाठ्याकडे गेलं की लिंबाच्या शेताचा गट नंबर होतो. त्याआधी सर्वे नंबर होता. कागद जुळवायचे तर जुना सर्वे नंबर आणि नवा गट नंबर दोन्ही सांगावे लागतात. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात आजोबांचं नाव कोणत्या नंबरासमोर आहे, यावर आजही भावाभावांची भांडणं उभी राहतात. वाटणी झाली की नंबराला पोटहिस्से पडतात. लिंबाच्या शेतातला लिंब मात्र एकाच्याच हिश्शाला जातो आणि दुसऱ्याच्या शेताचं नावच जातं. पुढची पिढी मग त्याला गट नंबरानंच ओळखते. असं होताना मी दोन घरांत पाहिलं आहे.

सातबारा हा तर निव्वळ नंबरापासून बनलेला शब्द. गाव नमुना सात म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची. हे दोन नमुने एका कागदावर आले आणि त्यांचे नंबर जोडून एक नाम तयार झालं. आज त्याला लिंग आहे, वचन आहे, तो कोरा होतो, त्यावर बोजा चढतो, त्यात नाव लागतं आणि नाव कमीही होतं. तसंच आठ-अ आणि फेरफाराचा सहा नंबर. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशी माणसंही हे नंबर सहज बोलतात. जमीन आणि नंबर यांच्यामध्ये आता दुसरा शब्द उरलेला नाही.

बियाण्याचंही तसंच. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीनचं वाण जेएस ३३५, लोकांच्या तोंडी नुसतं 'तीनशे पस्तीस'. बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर बीडीएन ७११, ती 'सातशे अकरा'. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं संकरित वाण एनएचएच ४४, 'नांदेड चव्वेचाळीस'. या शेवटच्या नावानं एकेकाळी मराठवाड्याची काळी रानं पांढरी केली. आजीच्या उतरंडीतल्या बियाण्यांना नावं होती. पिवळी ज्वारी, दगडी, टाळकी. ती नावं रंगावरून, दाण्यावरून, कणसाच्या घडणीवरून पडली होती, त्यामुळे नाव ऐकलं की वस्तू डोळ्यांसमोर यायची. नंबर ऐकून काही दिसत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो, नाहीतर पिशवीवर.

आकड्याचं नाम करण्याची खोड आपल्याला आधीपासूनच होती. ३६ मधल्या तीन आणि सहाची तोंडं विरुद्ध दिशेला, म्हणून न पटणाऱ्या माणसांचा छत्तीसचा आकडा. कायद्यानं त्या खोडीला आणखी खाद्य दिलं. फसवणुकीचं कलम ४२० म्हणून लबाड माणूस चारसोबीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ३१८ झालं. पण चाकुरात अजून कोणाला 'तीनशे अठरा' म्हणून शिवी दिलेली ऐकली नाही. कायदा लागू करायला अधिसूचना पुरते, शिवी बदलायला पिढी लागते.

माणसाचा नंबर हा वेगळा विषय. आपल्या चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या जवानाला ओळख विचारली तर तो आधी नंबर सांगतो, मग हुद्दा, मग नाव. आता आपण सगळेच तसे झालो आहोत. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातलं पहिलं आधार वाटलं गेलं. पुढे पुढे बारा अंकांचा नंबर सांगितल्याशिवाय धान्य नाही, अनुदान नाही, निराधाराची पगार नाही. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा ठसा यंत्र घेत नाही, तेव्हा तिचा नंबर असतो, ती समोर असते आणि तरी तिला दुकानदार 'उद्या या' म्हणतो. हे वाक्य वहीत लिहिताना माझा हात जड झाला होता.

इथं भाषाशुद्धीचा प्रश्न येतो. नंबरला क्रमांक हा चांगला शब्द आहे. सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत दिनांकाबरोबर क्रमांकाचंही नाव घेतलं जातं. शासनाच्या पत्रावर, बक्षीस समारंभात, निकालपत्रात तो उत्तम शोभतो. मी स्वतः अर्जात क्रमांकच लिहितो. पण चष्म्याला क्रमांक लागत नाही, टँकरला कोणी क्रमांक धरत नाही. क्रमांकानं नंबरची कागदावरची जागा घेतली, तोंडातली घेतली नाही. त्याबद्दल मला खंत नाही. मला खंत आहे ती दुसऱ्या शब्दाची, ज्याची जागा नंबरनं घेतली. तो शब्द बारी.

बारी आणि पाळी हे आपले जुने शब्द. भावाभावांत एक विहीर असली की प्रत्येकाची बारी ठरलेली असायची. सोमवार-मंगळवार थोरल्याचा, बुधवार-गुरुवार दुसऱ्याचा. मोट गेली, इंजिन आलं, विजेची मोटर आली, तरी बारी राहिली. कालव्याच्या पाण्यालाही शेजपाळी असते. शेजाऱ्यापाठोपाठ शेजारी, शेवटच्या शेतापासून वरपर्यंत. पंढरपूरला विठ्ठलापुढची रांग म्हणजे दर्शनबारी. फडांनी आळीपाळीनं रंगमंच घेण्याच्या रीतीवरून संगीत बारी. या सगळ्या शब्दांत एक खात्री आहे. बारी येते. उशिरा येईल, रात्री दोनला येईल, थंडीत येईल, पण येईल, आणि एकदा येऊन गेली तरी फिरून पुन्हा येईल. बारी चाकासारखी असते.

नंबर तसा नसतो. तो सरळ रेषेत असतो आणि रेषा कुठंतरी तुटते. रेषेच्या अलीकडे असलेल्यांचा नंबर लागतो, पलीकडच्यांचा लागत नाही. म्हणूनच 'बारी लागली नाही' असं वाक्य मराठीत नव्हतं. 'नंबर लागला नाही' हे वाक्य आज घराघरांत आहे.

हा बदल मला पहिल्यांदा नीट कळला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावलं गेलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. आमच्याकडच्या गावांत रेल्वेचं पाणी नव्हतं, टँकर होता आणि अधिग्रहण केलेली बोअर होती. बायका रात्रीच घागरी ठेवून नंबर धरायच्या. माणसाच्या जागी घागर उभी, घागरीच्या जागी कधी नुसता दगड. दगडाचाही नंबर मानला जायचा. त्याबाबत कोणी बेइमानी केली नाही, हे मला आवर्जून नोंदवायचं आहे. पण टँकरमधलं पाणी नंबर ओळखत नव्हतं. चाळीस घागरींनंतर नळी रिकामी झाली की एकेचाळिसावी घागर तशीच उचलून न्यायची. एक आजी रिकामी घागर काखेत घेत म्हणाली, "आमच्या टायमाला आडावर बारी व्हती. उशीर व्हायचा, पर रिकामं कोनी जात नव्हतं." तिच्या आठवणीतला आड खरंच सगळ्यांना पुरत होता का, हा प्रश्न रास्त आहे. त्या आडावर सगळ्या जातींना बारी नव्हती, हेही तितकंच खरं. ते मी वहीत तिच्या वाक्याच्या खाली लिहून ठेवलं आहे आणि छापतानाही गाळलेलं नाही. नंबरचं एक मोठेपण तिथंच आहे. तो जात विचारत नाही. जो आधी आला त्याची घागर आधी.

बायकांनी पाळी हा शब्द रांगेत टाकून दिला त्याला आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. पाळी म्हटलं की महिन्याची पाळी आठवते. चारचौघांत 'आता माझी पाळी' म्हणायला जीभ अडते. नंबर या शब्दाला असलं काही चिकटलेलं नव्हतं, तो कोरा होता. परका शब्द कधी कधी असा आडोसा देतो.

आणि मग शिक्षणातला लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय, त्यांच्या भोवतीच्या शिकवण्या, वसतिगृहं, खानावळी. चाकूर, अहमदपूर, उदगीर, नांदेडकडून आलेली हजारो पोरं. या पॅटर्ननं मराठवाड्याच्या पोरांना डॉक्टर केलं, इंजिनिअर केलं. कोरडवाहू रानातल्या घरातून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात माणूस उभा केला. त्याचं मोल कमी लेखण्याचा मला अधिकार नाही. पण 'नंबर लागणे' या शब्दप्रयोगाला आज जो भार आहे तो इथून आला आहे. जून-जुलैत चाकुरात कोणी भेटलं की 'पोरगं कसं आहे' असं विचारत नाहीत. 'नंबर लागला का?' असं विचारतात. लागला असेल तर कुठं, हे विचारतात. नसेल लागला तर पुढे काय बोलायचं हे कोणाला सुचत नाही. भाषेनं त्या पोरासाठी शब्दच ठेवलेला नाही. बारीच्या भाषेत तो 'अजून बारी न आलेला' असता. नंबरच्या भाषेत तो 'नंबर न लागलेला' आहे. दोन्हींत पोरगं तेच असतं.

म्हणून टपरीवरच्या त्या काकांचं वाक्य मला मोलाचं वाटतं. त्यांना नंबराचा अर्थ चुकीचा कळला होता, पण त्यांनी जे सांगितलं ते बारीच्या रीतीनं सांगितलं. पहिल्या यादीत नाही तर दुसऱ्या. शब्द नवा, समजूत जुनी. मयतीहून परत येताना म्हातारी माणसं एकमेकांना म्हणतात, "आता आपलाच नंबर." तिथंही नंबर हा शब्द बारीसारखाच चालतो. तिथं कोणी वगळला जात नाही आणि बोलणाऱ्याच्या आवाजात भीतीही फारशी नसते.

या पुस्तिकेतली वाक्यं मी ऐकली तशीच ठेवली आहेत. 'लागंना' चं 'लागत नाही' केलेलं नाही. बोलणाऱ्यांची नावं मात्र मुद्दाम गाळली आहेत, कारण बरीच वाक्यं अडचणीच्या वेळी बोललेली आहेत. अर्थांची वर्गवारी केली आहे ती वाचायला सोपं जावं म्हणून. प्रत्यक्ष बोलण्यात ते अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. शब्दकोशाची शिस्त इथं शोधू नये.

शेवटची आठ पानं कोरी सोडली आहेत. तुमच्या गावात नंबर आणखी कशाला म्हणतात ते त्यांवर लिहा. पण त्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला एकदा विचारा, तिच्या लहानपणी बारी कशाकशाला म्हणायचे, आणि ती सांगेल ते पहिल्या पानावर लिहा.